नाल्याकाठचा प्लॉट निम्म्या भावात मिळतोय, घेऊ का?

पत्र थोडक्यात: पत्रलेखक ३९ वर्षांचे, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला. वडगावात भाड्याच्या दोन खोल्यांत आई, पत्नी आणि दोन मुलांसह राहतात. वडील विणकर होते, पत्नी आजही दुसऱ्याच्या मागावर काम करते. येळ्ळूर रोडच्या बाजूला, बळ्ळारी नाल्यापासून ‘शंभर पावलांवर’ ३ गुंठ्यांचा प्लॉट गावातल्या भावाच्या निम्म्यात मिळतो आहे. २ लाख रुपये संचकार (विसार) देऊन झाला, उरलेली रक्कम दिवाळीपर्यंत द्यायची आहे. खाली स्वतःचे दोन माग टाकायचे आणि वर राहायचं, असा बेत आहे. एजंट म्हणतो, पाच फूट भराव टाकला की पाण्याची चिंता नाही. मेव्हण्यांनी शेजारीच घर बांधलं आहे आणि २०२१ नंतर त्यांच्या दारात पाणी आलेलं नाही. आई मात्र तयार नाही. ‘त्या शिवारात मी रोप लावलोय बाबा, मांडीभर पाण्यात. तिथं घर नको,’ एवढंच ती म्हणते. पत्राच्या शेवटी प्रश्न आहे: ‘प्लिंथ (जोतं) नेमकी किती फूट उचलली म्हणजे आईचं समाधान होईल?’

तुमच्या पत्रात चार माणसांची मतं आहेत. एजंटचं, मेव्हण्यांचं, तुमचं आणि आईचं. या चौघांत जुलै महिन्यात त्या जमिनीत पाय रोवून उभं राहिलेलं माणूस एकच आहे. बाकी तिघांनी ती जमीन बहुतेक उन्हाळ्यात पाहिली, चुन्याची फक्की मारलेली आणि कोपऱ्याला दगड पुरलेले असताना. म्हणून आईचं समाधान कसं करायचं हा प्रश्न मला जरा बाजूला ठेवावासा वाटतो. आई तुम्हाला अडवत नाहीत, माहिती देताहेत, आणि तीही फुकट.

घराची ओढ मला कळते. अकरा महिने भरत आले की घरमालक काय म्हणेल याची धाकधूक, मुलांच्या शाळेची वह्या-पुस्तकं पलंगाखाली, बायकोने आयुष्यभर दुसऱ्याच्या मागावर विणलेलं कापड. या सगळ्यातून बाहेर पडायला तुम्ही पैपै जमवली आहे. तुम्ही चुकीचं स्वप्न पाहताय असं मी मुळीच म्हणत नाही. ते कुठल्या जमिनीवर उभं करायचं, एवढंच बोलू या.

आधी ‘स्वस्त’ या शब्दाकडे बघू. शहापूर, वडगाव, अनगोळचं हे शिवार बासमतीचं. ही जमीन भाताला इतकी मानवली कारण ती सपाट आहे, माती काळी आणि चिकट आहे, आणि पाणी तिथे येऊन थांबतं. एक एकर वाफ्यात बांधाआड चार इंच पाणी उभं राहिलं, तर ते चार लाख लिटरच्या वर भरतं. म्हणजे ते शिवार पिढ्यान्‌पिढ्या शहराची पाण्याची टाकी म्हणूनही राबत आलं आहे. आता त्याच शिवारात भराव पडतोय. वरच्या वसाहतींत सिमेंटचे रस्ते, काँक्रीटची अंगणं झाली, त्यामुळे पूर्वी मुरणारं पाणी आता धावत नाल्यात येतं. नाला गाळाने आणि जलपर्णीने भरलेला, काठाने अरुंद होत गेलेला. रस्त्यांचे उंच भराव आडव्या बांधासारखे उभे, आणि त्यांच्याखालच्या मोऱ्या अपुऱ्या किंवा तुंबलेल्या. नाला पुढे ज्या नदीला मिळतो तीच फुगलेली असेल तर पाणी पुढे सरकतच नाही, मागे फुगवटा धरतं. निम्मा भाव हा त्या पाण्याचा भाव आहे. उरलेला निम्मा तुम्ही भराव, दुरुस्ती आणि झोपमोड यांत हप्त्याहप्त्याने भरणार.

भरावाचा हिशेब तुम्ही अजून केला नसावा, म्हणून मी करते. ३ गुंठे म्हणजे ३,२६७ चौरस फूट. त्यावर पाच फूट भराव म्हणजे १६३ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती किंवा मुरूम. मोठा टिपर चार ब्रासचा धरला तरी चाळीस खेपा. ओतलेली माती दबते, म्हणून आणखी लागेल. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, तिच्यावर घाईने टाकलेल्या भरावावर घर उभं केलं की भिंतींना तडे जायला पूर नाही आला तरी चालतं. आणि पाणी खरंच पाच फुटांपर्यंत चढलं, तर तुमच्या भरावाने अडवलेल्या जागेतलं साडेचार लाख लिटरहून जास्त पाणी दुसरीकडे जागा शोधणार. ती दुसरी जागा बहुधा तुमच्या मेव्हण्यांचं अंगण असेल. मग ते आणखी दोन फूट उचलतील. नाल्याकाठच्या वसाहतींत घरं अशी एकमेकांशी चढाओढ करत उंच होतात. रस्ता मात्र तिथेच खाली राहतो, आणि पावसाळ्यात कोरड्या घरातल्या आजारी माणसाला कमरेभर पाण्यातून उचलून न्यावं लागतं. प्लिंथ उचलून घर वर येतं, वाट येत नाही. तुमच्या आईचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. तो विचार तुम्हीच करा.

‘२०२१ नंतर पाणी आलेलं नाही.’ या वाक्यावर तुमचा भरवसा फार आहे, म्हणून थोडं थांबते. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव शहरातच किती घरांत पाणी शिरलं होतं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं आणि महामार्ग बंद पडला. दोनच वर्षांत, जुलै २०२१ मध्ये, त्याच ठिकाणी तो पुन्हा बंद पडला. कोल्हापूरला तुमचे नातेवाईक असतील तर त्यांच्याकडून निळ्या आणि लाल रेषेबद्दल ऐकलं असेल. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोक याचा अर्थ असा घेतात की एकदा आला, आता २५ वर्षं निवांत. तसं नसतं. दरवर्षी तो येण्याची शक्यता शंभरात चार असते, मागच्या वर्षी आलेला असला तरीही. तुम्ही २० वर्षांचं कर्ज काढलंत, तर ते फिटेपर्यंत असा पूर एकदा तरी घरात येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त भरते. आणि हे झालं निळ्या रेषेवरच्या घराचं. नाल्यापासून शंभर पावलांवरचं घर त्या रेषेच्या बरंच आत असणार.

आपल्याकडे अशा रेषेचा आधार फारसा नाही. पूरप्रवण जमिनीवर काय बांधावं आणि काय बांधू नये याचं नमुना विधेयक केंद्राने १९७५ सालीच राज्यांना पाठवलं होतं. मोजक्याच राज्यांनी तसा कायदा केला, कर्नाटक त्यांत नाही. म्हणून ‘सरकारने अडवलं नाही म्हणजे जागा चांगली’ असं समजू नका.

आता थोडं माझं. ऑगस्ट २०१९ मध्ये संकेश्वरला माझ्या मावशीच्या घरात हिरण्यकेशीचं पाणी शिरलं. ते ओसरल्यावर आम्ही खोरी आणि बादल्या घेऊन गेलो. मावशी सांगत होती, सगळे दाराकडे बघत बसले होते, उंबऱ्याला पोती लावली होती, आणि पाणी आलं ते मागून, न्हाणीच्या मोरीतून. संडासाच्या भांड्यातून काळं पाणी उसळलं, त्यानंतर तासाभराने दारातून नदी आली. भिंतीवर स्विचबोर्डाच्या वर वीतभर उंचीवर एक सरळ तपकिरी रेघ होती, आखून काढल्यासारखी. प्लायवूडचं कपाट फुगून बसलेलं, दार उघडेना, शेवटी पहारीने फोडलं. आत तिच्या लेकीच्या लग्नासाठी घेतलेल्या साड्या होत्या. लग्नातला पितळी हंडा तळापासून काठापर्यंत चिखलाने भरलेला. तो चिखल मी हाताने काढला. नदीचा गाळ शेतात सोन्यासारखा असतो म्हणतात, घरात त्याचा वास दिवाळीपर्यंत गेला नाही. भिंतीचे पोपडे पुढच्या दोन पावसाळ्यांत पडत राहिले.

हे सांगायचं कारण तुमचे दोन माग. तुम्ही माग खाली टाकणार. मागाची मोटर जमिनीपासून किती उंचीवर असते ते तुमच्या पत्नीला विचारा. फूटभर पाणी पुरे आहे. मोटर जळते, बिमावरचं सूत भिजून वाया जातं, लोखंडाला गंज धरतो, आणि ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. वरच्या मजल्यावर तुम्ही कोरडे असाल, तुमचं पोट मात्र खाली पाण्यात असेल. घर आणि धंदा एकाच जमिनीवर ठेवताना ती जमीन दुप्पट पारखून घ्यायला हवी.

कागद बघू. तुम्ही लिहिलंय, ‘खरेदी बॉण्डवर होणार आहे, सगळे तसंच करतात.’ सगळे करतात हे खरं आहे, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. बॉण्डपेपरवरची नोटरी म्हणजे मालकी नव्हे. जमिनीची मालकी नोंदणीकृत खरेदीपत्रानेच बदलते. शेतजमीन बिगरशेती झाली आहे का, लेआउट बुडाने (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने) मंजूर केला आहे का, या दोन गोष्टींचे कागद मागा, झेरॉक्स नको, नंबर घ्या आणि कार्यालयात जाऊन पडताळा. घरपट्टीची पावती किंवा बी खाता दाखवतील. तो कर भरल्याचा पुरावा आहे, लेआउट कायदेशीर असल्याचा नाही. बँक असल्या प्लॉटला सहसा कर्ज देत नाही. तुमच्या आणि आईच्या वादात बँकही आईच्याच बाजूला उभी आहे असं समजा.

उतारा काढा आणि त्याचा तिसरा रकाना बघा. तिथे ‘अ खराब’ आणि ‘ब खराब’ अशी क्षेत्रं लिहिलेली असतात. ब खराब म्हणजे नाला, वाट, ओढा अशी सार्वजनिक जमीन. ती कुणाच्या बापाला विकता येत नाही. सर्व्हे नंबरात ब खराब असेल, तर ते तुमच्या तीन गुंठ्यांत तर येत नाही ना, हे मोजणीदाराकडून बघून घ्या. मोबाइलवर ‘दिशांक’ नावाचं सरकारी ॲप आहे. प्लॉटवर उभं राहून ते उघडलं तर तुम्ही कुठल्या सर्व्हे नंबरात उभे आहात ते दिसतं. गावनकाशातल्या नाल्याच्या जुन्या रेघा कधी कधी आजच्या नाल्यापेक्षा भलत्याच ठिकाणी असतात, म्हणून हे मुद्दाम करा. बेंगळुरूच्या २०१५ च्या आराखड्यात नाल्याच्या आकाराप्रमाणे ५०, २५ आणि १५ मीटर जागा मोकळी सोडायला सांगितली आहे. आपल्या बाजूला किती सोडायची ते बुडाकडे अर्ज देऊन लेखी घ्या, तोंडी नको. उतारा कानडीत असतो. तुम्हाला वाचता येत नसेल तर एजंटकडून वाचून घेऊ नका, मुलीला शाळेत कानडी आहे, तिला वाचायला सांगा.

आणि कागदापेक्षाही आधी एक काम. पैसे देण्याआधी एक पावसाळी रात्र त्या बाजूला काढा. सलग दोन दिवस झड लागली की संध्याकाळी सायकलवर जा. नाल्याच्या पुलाखाली पाण्याला किती जागा उरली आहे ते बघा. आजूबाजूच्या घरांत चहा प्या आणि भिंतींकडे बघा. चार फुटांपर्यंत फरशी लावली आहे का? कमरेपर्यंत गिलावा नवा आणि वर जुना आहे का? मीटरबोर्ड डोक्याच्या वर का नेलाय? कॉटखाली विटा का आहेत? घरवाले ‘इथं काही नाही हो’ म्हणतील, कारण त्यांना घराची किंमत पडायला नको आहे. त्यांची भिंत खरं सांगेल. शेजारच्या शेतात रोप लावणाऱ्या बाया भेटल्या तर त्यांना विचारा.

संचकाराचे २ लाख आता तुम्हाला डोळ्यांसमोर दिसत असतील. ते अडकलेत म्हणून उरलेले पैसेही घालायचे, हा हिशेब करू नका. संचकारपत्रात काय लिहिलंय ते एखाद्या वकिलाला दाखवा. बिगरशेती किंवा मंजुरीबद्दल खोटं सांगितलं असेल, तर रक्कम परत मागायला तुमच्याकडे आधार आहे, आणि वकिलाच्या एका नोटिशीने बऱ्याचदा तडजोड होते. काही रक्कम बुडाली असं गृहीत धरलं तरी चाळीस टिपर मातीपेक्षा ती कमीच असेल.

मग करायचं काय? माझं मत विचाराल तर हा प्लॉट घेऊ नका. वडगाव-शहापूरच्या जुन्या गल्ल्यांत उंचवट्यावरची जागा बघा. तिथे दीड गुंठ्यातलं जुनं घर मिळालं तर तीन गुंठ्यांपेक्षा ते बरं. माग घरातच हवेत हा हट्ट सोडता येईल का, पत्नीशी बोलून बघा. दोन माग भाड्याच्या शेडमध्ये आणि राहणं वेगळं, अशी सुरुवात पुष्कळांनी केली आहे. नाहीतर जमलेल्या रकमेतून तीन वर्षांसाठी लीजवर घर घ्या. दरमहा भाडं वाचेल, मुद्दल परत मिळेल आणि तेवढ्या काळात चांगली जागा शोधता येईल. लीजचा करार मात्र नोंदवून घ्या. मेव्हण्यांना काय वाटेल ही तुमची काळजी पत्रात दोन ठिकाणी डोकावते. त्यांना सांगा की कागद बसत नाहीत. ते खोटंही होणार नाही.

हे सगळं वाचून ज्यांचं घर आधीच अशा जागी उभं आहे, त्यांनी खचू नये. मेव्हण्यांनाही हा भाग दाखवा. ड्रेनेजच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवा, नाहीतर मावशीच्या घरासारखं पाणी न्हाणीतून येईल. मीटर, फ्रिजचा प्लग, पाण्याच्या मोटरचा स्टार्टर वर घ्या. संपचं (जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं) झाकण पक्कं करा, पूर ओसरल्यावर संप पूर्ण उपसून धुतल्याशिवाय त्यातलं पाणी प्यायचं नाही. उतारा, खरेदीपत्र, मुलांचे दाखले एका जाड प्लास्टिक पिशवीत, माळ्यावर. विमा घ्या. ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सरकारी-खासगी कंपन्यांकडे मिळते, तिच्यात पुराचं नुकसान धरलेलं आहे. माग धंद्याचे, ते तिच्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ वेगळी घ्यावी लागते. आणि गल्लीने मिळून मे महिन्यातच गाळ काढण्याचा अर्ज द्या, जुलैमध्ये जेसीबी नाल्यापर्यंत पोचतच नाही.

याच विषयावर चिकोडी, निपाणी आणि गोकाक भागातूनही पत्रं येतात, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. नदीकाठच्या जमिनीला तुमच्या गावात ‘मळी’ म्हणत असतील, तर तिचं नावच तिचा इतिहास आहे. पुराने आणून टाकलेल्या गाळाची ती जमीन, तिथे ऊस लावा, घर नको. कल्लोळ-येडूर, जत्राट-भिवशी हे बंधारे दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण घर बांधताना ते आठवत नाही. आणि तुमच्या गावात ऊन पडलेलं असलं तरी काळम्मावाडी आणि पाटगावच्या धरणांच्या बाजूला पाऊस असतो. धरणातून विसर्ग वाढला की दूधगंगा-वेदगंगा न पडलेल्या पावसानेही चढतात. कालव्याकाठचं गणित उलटं आहे. ती जागा पावसाळ्यात बघू नका, कालव्याला पाणी सोडलेलं असताना बघा. भर उन्हाळ्यात कालव्याच्या खालच्या अंगाला जमीन ओली दिसली, लव्हाळा उगवलेला दिसला, तर बांध पाझरतोय. तिथे पाया कायम दमट राहील, आणि कालवा फुटला तर पहिला लोंढा तिथेच येईल. कालव्यालगतचा रस्ताही खात्याचा असतो, तो तुमच्या प्लॉटची वाट म्हणून दाखवत असतील तर सावध व्हा.

तुम्ही पत्रात आईंबद्दल थोडं त्रासून लिहिलंय, ‘जुन्या गोष्टी धरून बसते.’ या रविवारी त्यांना प्लॉटवर घेऊन जा. एजंटला बोलावू नका, मेव्हण्यांनाही नको. मुलीला मात्र न्या. रोप लावायला जायच्या तेव्हा त्या कुठल्या बांधावरून उतरायच्या, डबा कुठे ठेवायच्या, पाणी कुठवर असायचं, ते त्यांना विचारा. पाण्याची उंची त्यांना स्वतःच्या हाताने दाखवू दे आणि मुलीला टेपने ती मोजू दे.